एमिली फेथफुलने हेलनला तोंडघशी पाडलं का?

शाईपेन:
लंडन, १८६४. अ‍ॅडमिरल हेन्री कॉड्रिंग्टनने बायको हेलनवर व्यभिचाराचा आरोप ठेवून घटस्फोट मागितला. हेलनने उलट सांगितलं की १८५६ मध्ये नवऱ्यानेच माझ्या मैत्रिणीवर, एमिलीवर, रात्री हात टाकला. एमिली तेव्हा त्यांच्याच घरी राहायची. तसं प्रतिज्ञापत्रही तिने केलं. जुलैत साक्षीची वेळ आली तेव्हा ती गायब. नोव्हेंबरात उभी राहिली ती असं काही आठवत नाही म्हणायला. घटस्फोट झाला, दोन मुली बापाकडे गेल्या. मला हा सरळसरळ दगा वाटतो.

पानगळ:
सहमत नाही. बंद पाकीट विसरलात. १८५७ मध्ये एमिलीला घराबाहेर काढताना अ‍ॅडमिरलने कारण कागदावर लिहिलं, सील केलं आणि भावाकडे ठेवलं. कोर्टात त्याचा उल्लेख झाला, पण ते उघडलं नाही. त्यामुळे एमिलीबद्दल ज्याला जे वाटेल ते त्यात आहे असं धरायला सगळे मोकळे. एमिलीचा व्हिक्टोरिया प्रेस हा छापखाना १८६० चा, बायकांना छपाईचे खिळे जुळवायला शिकवणारा. १८६२ पासून राणीची मुद्रक ही पदवी. तिचं नाव गेलं असतं तर त्या बायकांचं कामही गेलं असतं.

कलमदान:
कायदा बघा, मग दोघींचं ठरवा. १८५७ च्या कायद्याने नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरेसा होता. बायकोला त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं असं काही दाखवावं लागे. इथे हेलनला घटस्फोट मिळवायचा नव्हता, अडवायचा होता. अर्जदार स्वतः क्रूर वागलेला असेल, किंवा त्याच्या हेळसांडीने बायको वाट चुकली असेल, तर न्यायालय घटस्फोट नाकारू शकत होतं. पण व्यभिचाराच्या खटल्यात नवरा-बायकोला साक्षच देता येत नसे; ती मुभा १८६९ मध्ये आली. म्हणजे त्या रात्रीबद्दल कोर्टात बोलू शकणारी एकटी एमिली.

शाईपेन:
हेच तर माझं म्हणणं! हेलनला तोंड उघडायची सोय नाही, आणि जिला आहे ती मागे फिरते. नाव वाचवायचं होतं तर प्रतिज्ञापत्रावर सही कशाला केली?

पानगळ:
सही वकिलाच्या टेबलावर होते. साक्ष देताना समोर ज्युरी, उलटतपासणी आणि प्रत्येक वाक्य छापणारी वर्तमानपत्रं. शिवाय नावही पुरतं वाचलं नाहीच. लँगहॅम प्लेस या लंडनमधल्या स्त्रीहक्कवादी गटातल्या ज्या मैत्रिणींबरोबर तिने स्त्रियांच्या रोजगाराचं काम उभं केलं, त्याच तिच्यापासून लांब झाल्या.

कलमदान:
म्हणून माझा राग एमिलीपेक्षा त्या न उघडलेल्या पाकिटावर जास्त आहे. उघडलं असतं तर आरोप नेमका काय हे कळलं असतं, त्याला उत्तर देता आलं असतं.