बॅस्टिलच्या आधी जळाले ते जकात नाके

१७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती का झाली, या प्रश्नावर इथे बऱ्याच जणांनी राणी मारी आंत्वानेतच्या उधळपट्टीवर बोट ठेवलंय, ते मला पटत नाही. १७८८ च्या हिशेबात दरबाराचा खर्च एकूण खर्चाच्या साधारण ६ टक्केच होता, निम्मा पैसा कर्जाचं व्याज फेडण्यात जात होता आणि त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी काढलेलं कर्ज बरंच होतं. पण कर्ज झालं म्हणून सरकारं अडचणीत येतात, माणसं रस्त्यावर येतात ती पोटासाठी. जुलै १७८८ च्या गारपिटीत उभं पीक झोपलं, त्यात हिवाळा भयंकर, आणि १७८९ मध्ये पॅरिसमधला चार पौंडी पाव आठ-नऊ सूवरून (सू म्हणजे तिथलं छोटं नाणं) साडेचौदा सूवर गेला. मजुराची रोजची कमाई वीस ते तीस सू! म्हणजे निम्मा रोज एका पावात, मग भाडं, सरपण, कपडे कशातून करायचे त्या मजुराच्या बायकोनं?

आणि इथे कुणीच न लिहिलेली गोष्ट म्हणजे जकात. कर गोळा करायचा मक्ता घेतलेल्या धनिकांनी १७८४ पासून पॅरिसभोवती सुमारे २४ किलोमीटरची भिंत बांधायला घेतली, का तर दारू, मांस, सरपण जकात चुकवून चोरून आत येऊ नये म्हणून. बॅस्टिल हा पॅरिसमधला तुरुंग-किल्ला पडला १४ जुलै १७८९ ला, पण त्याच्या दोनेक दिवस आधीपासूनच लोकांनी या भिंतीतले चाळीसच्या आसपास नाके पेटवले, वह्या-रजिस्टरं आगीत टाकली. राग नेमका कुठे साचला होता ते मला बॅस्टिलपेक्षा या नाक्यांवर जास्त स्पष्ट दिसतं.