प्रॅग्मा लिहिणारे आळशी?

मांडवीकाठ: काल इथं, हास्केल या प्रोग्रामिंग भाषेच्या गप्पांत, कुणीतरी लिहिलं, "फाइलीच्या माथ्यावर दहा-दहा लँग्वेज प्रॅग्मा लावणारे हास्केल लिहीत नाहीत, जीएचसी लिहितात. हास्केल २०१० च्या मानकात राहा, आळस सोडा." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. प्रॅग्मा म्हणजे भाषेची जादा सोय, एक्स्टेन्शन, चालू करणारी ओळ; जीएचसी हा हास्केलचा कंपायलर. मानक पाळायचं ते दुसऱ्या कंपायलरवर कोड चालावा म्हणून. हग्ज हा असा दुसरा, तो कधीचा थांबला. कामाला जीएचसीशिवाय आहे कोण? लॅम्डाकेस, टपलसेक्शन्स ही एक्स्टेन्शन्स म्हणजे नुसती साखर, लिहिणं आटोपशीर करणारी. थेट जीएचसी ९.२ चालवा, जीएचसी२०२१ हा एक्स्टेन्शनांचा संच आपोआप लागू होतो, निम्मे प्रॅग्मा गळतात.

चिंचेखाली: मीच लिहिलं ते. मागे घेत नाही. जीएडीटीज हे एक्स्टेन्शन लावलंत की मोनोलोकलबाइंड्स न सांगता सोबत येतं, मग बाहेरचं काही वापरणारं आतलं फंक्शन आपोआप अनेक टाइपांवर चालत नाही. व्हेअरमधलं, म्हणजे दुसऱ्या फंक्शनाच्या पोटातलं, माझं फंक्शन बाहेरचं आर्ग्युमेंट वापरायचं, दोन टाइपांवर चालायचं. सहकाऱ्यानं माथ्यावर एक ओळ वाढवली आणि ते मोडलं. घरी चवथीची माटोळी, गणपतीवरची फळापानांची आरास, बांधायची होती, मी पर्वरीला ऑफिसात.

मांडवीकाठ: टाइप सिग्नेचर, फंक्शनाचा टाइप सांगणारी ओळ, लिहिली असतीत तर मोडलं नसतं.

माडाबुडी: मानकाचं कौतुक गोव्यात तरी नको. १९८७ चा राजभाषा कायदा बघा. राजभाषा कोकणी, मराठी फक्त 'वापरता येईल' म्हणून. माझं शिक्षण मराठीत, देवळातलं भजन मराठीत, आणि मराठीत लिहिलेला अर्ज खिडकीवरून परत आला.

चिंचेखाली: त्याच कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी. आमच्या शेजारच्या बाईंनी जन्मभर रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, लिहिलं, त्यांनी कुठं जायचं? दुखणं तुम्हा एकट्यांचंच नाही.

माडाबुडी: एकट्यांचं म्हटलं कुणी? अर्ज परत येतो तेव्हा किती लागतं ते तुम्हाला नाही कळायचं!

चिंचेखाली: माझी आई घरात कोकणी बोलते, पोथी मराठीत वाचते. मला भाषा शिकवू नका.

माडाबुडी: शिकवत नाही. लोक आधी बोलतात, मानक मागून येतं, एवढंच म्हणतोय. रोमीवाल्यांचं दुखणंही खरं, मानतो.

मांडवीकाठ: दोघेही हास्केलवर या. जीएचसी२०२४ या पुढच्या संचात लॅम्डाकेस आलं ते लोक वर्षानुवर्षं वापरत होते म्हणूनच.

चिंचेखाली: त्याच संचात जीएडीटीजही आलं, मोनोलोकलबाइंड्ससकट. बरं, लॅम्डाकेस घ्या, त्यानं कुणाचं मोडत नाही. पण टाइप तपासणी बदलणारं एक्स्टेन्शन कबालच्या, म्हणजे सगळ्या प्रकल्पाच्या मांडणीच्या फाइलीतल्या, डीफॉल्ट-एक्स्टेन्शन्स यादीत पुरून ठेवू नका. फाइल उघडल्याबरोबर माथ्यावर दिसलं पाहिजे.

मांडवीकाठ: म्हणजे प्रॅग्मा हवेत. मग आळशी हा शब्द मागे घ्या.

चिंचेखाली: तेवढा घेतो.