मुंबई ते नेवार्क: तुमचे १५-१६ तास कसे गेले?

ओसरी:
आई काल मध्यरात्री एकटीच अमेरिकेला, नेवार्कला निघाली. सकाळी फोनवर तिच्या विमानाचा ठिपका बघत बसले, काळ्या समुद्रापर्यंत पोचला होता, आणि इकडे दूध उतू गेलं. १९९७ ला मी पहिल्यांदा गेले तेव्हा लंडनला विमान बदललं. पोचल्याचा निरोप शेजारच्या काकूंच्या फोनवर, तोही दुसऱ्या दिवशी. आता साडेबारा हजार किमी एका दमात. पोटातला गोळा मात्र तेवढाच. लिहा तुमचंही.

घाटपांडे_नव्हे:
जाताना साधारण १६ तास, येताना तास-दीड तास कमी. वर जोराचा पश्चिमवारा असतो, येताना तो पाठीशी. आमच्या मातोश्रींना सांगितलं तर म्हणाल्या, म्हणजे बोरघाटच की, जाताना चढ, येताना उतार. यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं.

भाजणी:
डब्यात काय दिलंत?

ओसरी:
बेसनलाडू. दुसरं काय!

भाजणी:
माझे कायम टाळ्याला चिकटतात. प्रमाण द्या ना.

दिल्लीतला_सातारकर:
गेल्या वर्षी, २०२५ ला, पाकिस्तानने आकाश बंद केल्यावर दिल्लीहून निघालो होतो. लांबचा वळसा, म्हणून व्हिएन्नाला इंधनासाठी थांबलो. खाली उतरू दिलं नाही. तरी नातेवाइकांना सांगतो, व्हिएन्ना पाहिलंय. खिडकीतून एक टँकर दिसला.

पश्चिमकिनारा:
नेवार्कचं काय घेऊन बसलात, मुंबई-सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार आहे. घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, उत्तरेकडे केवढा चढतो. जानेवारी २०२१ ला सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरुला विमान आलं ना, वैमानिक सगळ्या बायका, उत्तर ध्रुवावरून, जवळजवळ १७ तास? लेकीला तेव्हा हाच दोरा लावून दाखवला. दोरा परत मिळाला नाही.

निमूट:
मला अंतर कळलं ते २०११ ला. फोन आला तेव्हा तिकडे संध्याकाळ होती. दादाला म्हटलं, थांबा माझ्यासाठी. तिसऱ्या दिवशी पहाटे दारात पोचले तर अंगणात नुसत्या चपला. थांबले नव्हते, थांबण्यासारखं नव्हतंच. विमानात शेजारची बाई मला सारखी ब्लँकेट पांघरत होती, तिचं नावही विचारलं नाही. कुकर झाला, जाते.

भाजणी:
निमूट 🙏 लाडवांचं राहू दे.

घाटपांडे_नव्हे:
आमचे तीर्थरूप घड्याळात साडेनऊ तास वजा करतात, नोव्हेंबर लागला तरी. तिकडे साडेदहा होतात हे १२ वर्षं सांगतोय. पहाटे पावणेपाचला फोन, "उठलास ना?"

ओसरी:
उतरली! व्हीलचेअर ढकलणारा मुलगा बडोद्याचा निघाला, अर्धा डबा त्याला देऊन मोकळी. भाजणी, ती म्हणते बेसन भाजताना शेवटी दुधाचा हबका मारायचा. निमूट, तुला खासगी निरोप पाठवलाय, सावकाश बघ.