कावेरीतला महाशीर आणि लोणावळ्याची बोटुकली: मत्स्यबीज सोडणे म्हणजे संवर्धन का?

खडकपाणी (चर्चाप्रस्ताव)

दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या जलाशयात मान्यवरांच्या हस्ते मत्स्यबीज सोडले जाते आणि इतकी लाख बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडल्याने नदीच्या जैवविविधतेचे रक्षण झाले, असे दुसऱ्या दिवशी छापून येते. सोडलेल्या बोटुकलींची संख्या हे संवर्धनाचे माप मानणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे आणि मासा त्याच्या स्वतःच्या खोऱ्याबाहेर सोडणे हे नदीवरचे एक संकटच समजले पाहिजे, असे माझे मत आहे. त्यासाठी मी कावेरीचे उदाहरण देतो, कारण त्याचा एक धागा थेट मावळात येऊन पोहोचतो.

कावेरी आणि तिच्या उपनद्यांत पाठीवर ठळक उंचवटा आणि नारिंगी पर असलेला महाशीर आढळतो. 1946 साली कबिनी नदीत गळाला लागलेल्या अशा एका माशाचे वजन 120 पौंड, म्हणजे सुमारे 54 किलो भरले होते. इतक्या नामांकित माशाला पक्के शास्त्रीय नाव मात्र फार उशिरा मिळाले. केरळातील पांबार नदीच्या नमुन्यांवरून 2007 साली ‘टॉर रेमादेवी’ या जातीचे वर्णन झाले होते, आणि कावेरीतला हा अजस्र मासा त्याच जातीचा आहे हे बाह्यलक्षणे व डीएनए यांच्या आधारे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. त्याच वर्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. नाव ठरले तेव्हा मासा जवळजवळ संपत आला होता.

आता मावळाचा धागा. निळसर परांचा महाशीर, म्हणजे ‘टॉर खुद्री’, हा आपल्याकडचा मासा. साइक्स या ब्रिटिश निसर्ग-अभ्यासकांनी 1839 साली त्याचे वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात सत्तरच्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास होऊ लागली आणि तिथले बीज देशात अनेक ठिकाणी गेले, त्यात कावेरीही आली. ॲड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी 2015 साली कावेरीवरील गालीबोरे येथील हौशी गळमासेमारीच्या छावणीच्या 1998 ते 2012 या काळातील नोंदी तपासल्या. सुरुवातीच्या वर्षांत बऱ्यापैकी मिळणारा उंचवट्याचा मासा शेवटी दुर्मीळ झाला आणि निळ्या परांचा मासा भरभरून मिळू लागला, असे त्यांना दिसले. एका खोऱ्यात ‘वाचवलेल्या’ माशाने दुसऱ्या खोऱ्यातल्या माशाची जागा घेतली असेल, तर या उपक्रमाला आपण काय म्हणायचे?

मावळतीर

प्रस्तावातील माहितीबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो. वळवणचे काम सुरू झाले तेव्हा या माशाची काय अवस्था होती, हे लक्षात घ्यायला हवे. महाशीर पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट दिशेने चढून स्वच्छ, वाहत्या पाण्यातल्या गोट्यांवर अंडी घालतो, आणि धरणांच्या भिंतींनी त्याची ही वाट बंद झालेली होती. अशा वेळी पिकलेली मादी हलक्या हाताने धरून, तिच्या पोटावर दाब देऊन अंडी ताटात घ्यायची, त्यात नराचे वीर्य मिसळायचे आणि ती अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये जपायची, हे तंत्र इथल्या माणसांनी वर्षानुवर्षे खपून बसवले. अंड्यातून निघालेली पिल्ले पहिले काही दिवस ट्रेच्या कोपऱ्यात डोकी खुपसून एकमेकांवर पडून राहतात, पाणी जरा तापले किंवा थांबले तरी सगळी रास मरते. हे ज्याने पाहिले आहे तो ‘बोटुकली मोजणे’ असा शब्द इतक्या सहज वापरणार नाही.

पूर्वी ‘संकटग्रस्त’ असलेला टॉर खुद्री आज लाल यादीत ‘किमान चिंतेचा’ या वर्गात आहे, हेही विसरू नये. शिवाय कावेरीवर कृष्णराजसागर आहे, 1934 पासून मेट्टूर आहे, वाळूउपसा आहे, सुरुंग लावून केलेली मासेमारी आहे. एवढे सगळे बाजूला ठेवून लोणावळ्याच्या ट्रेमधल्या पिल्लांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे आणि पुरावा म्हणून हौशी गळवाल्यांच्या वह्या पुढे करायच्या, हे मला पटत नाही.

सांख्यिक

मावळतीर यांनी वह्यांना कमी लेखले आहे, म्हणून त्या वह्यांविषयी थोडे लिहितो.

गालीबोरेला मासा पकडून, तोलून परत सोडण्याची पद्धत होती आणि किती तास गळ टाकला, किती मासे लागले, वजन किती, रूप कोणते, याची नोंद होत असे. अशा सहा हजारांहून अधिक महाशीरांच्या नोंदी त्या अभ्यासात आहेत. तासांची नोंद असल्यामुळे दर तासाला मिळणारे मासे काढता येतात, आणि दोन्ही जातींचे मासे एकाच पाण्यात, एकाच छावणीच्या गळांना लागत असल्याने गळवाल्याच्या कौशल्यातला फरक दोघांनाही जवळपास सारखाच लागू पडतो. मला त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वजनाची वाटते. उंचवट्याच्या माशांची संख्या घटत गेली तसे त्यांचे सरासरी वजन वाढत गेले. याचा सरळ अर्थ असा की म्हातारे मासे उरले होते आणि त्यांच्या मागून नवी पिढी येत नव्हती.

तरीही खडकपाणी यांनी ‘जागा घेतली’ हे शब्द जपून वापरावेत. एकाची संख्या घटणे आणि दुसऱ्याची वाढणे एकाच काळात घडले, एवढेच या नोंदी सांगतात. निळ्या परांच्या माशाने अन्न आणि विणीच्या जागा हिरावून घेतल्या, की बदललेला प्रवाह एकाला सोसला आणि दुसऱ्याला सोसला नाही, याचा निवाडा त्यांच्यावरून होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, किंबहुना तसेच असण्याचा संभव अधिक.

जाता जाता एक. ही नदी कावेरी अभयारण्यातून वाहत असल्यामुळे वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून 2012 साली तिथली गळाची मासेमारी बंद झाली. पूर्वी चोरटी मासेमारी करणारे काही स्थानिक त्या छावण्यांत वाटाडे झाले होते. छावणी गेली तशी त्यांची नदीवरची नजर गेली आणि नोंदींची ही मालिकाही तिथेच तुटली. वनखात्याच्या नकाशात नदी ही जंगलातली मोकळी जागा असते, मासा हा वन्यजीव वाटतच नाही.

भीमाकाठ

चर्चा महाशीरापुरती ठेवली तर ती फार सोवळी होईल. उजनीच्या जलाशयावर पोट असलेल्या माणसाला विचारा. भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग लागतात, आणि ती तर आफ्रिकेतून आलेली. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे कृष्णा-गोदावरीच्या धरणांत कित्येक दशके सोडले जात आहेत आणि आपण ते आवडीने खातो. परका मासा म्हणजे संकट, असा सरसकट नियम केला तर पहिला फटका ज्यांची जमीन धरणात गेली त्यांनाच बसेल.

खडकपाणी

भीमाकाठ यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात असा माझा आग्रह आहे. उजनीत खाण्यासाठी मासा सोडणे हा मत्स्यव्यवसाय आहे. त्याचे हिशेब उत्पन्नाने आणि रोजगाराने व्हावेत. मात्र तोच कार्यक्रम जैवविविधतेच्या खात्यावर टाकला जातो, तेव्हा नदीत मुळात कोणते मासे होते आणि त्यांपैकी कोणते उरले, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

सांख्यिक यांनी दाखवलेली मर्यादा योग्य आहे. पण खात्रीचा पुरावा हाती येईपर्यंत परक्या खोऱ्यात मासे सोडत राहायचे, असा अर्थ त्यातून निघत नाही, कारण एकदा वाढलेला मासा नदीतून परत काढता येत नाही. वळवणला हिमालयातला सोनेरी महाशीरही ठेवला गेला होता आणि महाशीरांच्या संकराचे प्रयोगही झाले होते, ही शास्त्रीय साहित्यातली नोंद आहे. अशा केंद्रातले बीज तपासणीशिवाय बाहेर जाणे मला धोक्याचे वाटते. प्रत्येक खोऱ्यातल्या माशांची पैदास त्याच खोऱ्यातल्या जनकांपासून व्हावी आणि सोडण्याआधी त्यांची जनुकीय ओळख पटवावी, ही अट फार मोठी नाही.

दुसरीकडे महाडजवळ वाळणकोंडीत किंवा वाड्याजवळ तिळसेश्वराच्या डोहात देवाचे म्हणून राखलेले मासे कोणत्याही ट्रेशिवाय पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत. डोह खोल राहिला, पाणी स्वच्छ राहिले आणि जाळे पडले नाही, की बहुतेक काम झालेले असते. त्याच श्रद्धेने राखलेल्या देहूच्या इंद्रायणीत मात्र मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तिथे कमी पडले ते स्वच्छ पाणी, बोटुकली नव्हेत.

मावळतीर

जनुकीय तपासणीची अट मला मान्य आहे. वळवणचे बीज कावेरीत नेण्याचा निर्णय चुकला होता, हेही मी नाकारत नाही. पण ‘डोह राखा, बाकी आपोआप होईल’ हा उपाय कावेरीला लागू पडेल का? तिथला उंचवट्याचा महाशीर आता मुख्यतः मोयार नदीत, मुदुमलै आणि बंदीपूरच्या जंगलांच्या मधल्या पट्ट्यात तग धरून आहे, आणि त्या नदीचा प्रवाहही वरच्या जलविद्युत प्रकल्पांच्या वेळापत्रकावर चढतो-उतरतो. मुख्य कावेरीवर मेकेदाटूचे 67 टीएमसीचे धरण प्रस्तावित आहे आणि ते झाले तर अभयारण्यातल्या जंगलाबरोबर उरलासुरला वाहता पट्टाही पाण्याखाली जाईल. जिथे नदी वाचवणे आपल्या हाती राहिलेले नाही, तिथे काही जनक मासे सुरक्षित ठेवून त्यांची पैदास करण्याला पर्याय कोणता, हे खडकपाणी यांनी सांगावे. त्या माशाची अंडी कधी पिकतात, पाणी किती गार लागते, पिल्लू कोणत्या दिवशी पहिला घास घेते, हे नव्याने शिकायला बसलो तर चुका मोयारमधल्या मोजक्या माद्यांवर होतील. ते शिकण्यासाठी जुने केंद्र, जुनी माणसे आणि आपल्या नद्यांत मुबलक असलेला निळ्या परांचा मासा हाताशी आहे.