सायरन वाजवणारा अँटीव्हायरस: पैसे गेले, आता कॉम्प्युटर कसा साफ करू आणि खरं सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

ओसरीवरची

नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. घराच्या ओसरीत टेबल, एक डेस्कटॉप, प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पोरींच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं या एकाच कॉम्प्युटरवर होतं. थोडं लांब लिहिते, कारण कुठे चुकलं ते तुम्हाला नीट कळायला हवं.

मागच्या मंगळवारी प्रिंटर अचानक ओळखेना झाला. ओसरीत नऊ जण बसलेले, विम्याची मुदत तोंडावर, आणि साडेबाराला लाइन जाते. घाईत गूगलवर प्रिंटरचा ड्रायव्हर शोधला आणि सगळ्यात वरची लिंक दाबली. तिच्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, हे आता आठवतं. दोन मिनिटांत अख्खा स्क्रीन निळा झाला, मायक्रोसॉफ्टचं चिन्ह आलं आणि मोठ्ठा सायरन सुरू झाला. सोबत बाईचा आवाज, आधी इंग्रजीत, मग हिंदीत: कॉम्प्युटर लॉक झाला आहे, बंद केला तर सगळा डेटा जाईल, खालच्या नंबरवर फोन करा. माऊस दिसेना. बाकावरचे एक आजोबा घाबरून म्हणाले, "बंद नको करू वं माय, माहा फारम उडून जाईन."

मी फोन केला. तिकडचा माणूस फार सभ्य बोलत होता, "मॅडम, घबराइए मत." त्याने एक ॲप टाकायला लावून कॉम्प्युटर रिमोटवर घेतला, म्हणजे तिकडे बसून तोच चालवू लागला. एक लांबलचक यादी उघडून दाखवली, लाल गोल, पिवळे त्रिकोण, म्हणाला हे सगळे व्हायरस. मग काळी खिडकी उघडली, त्यात 'फॉरेन ॲड्रेस' असं लिहिलेलं, म्हणाला हे परदेशी हॅकर आत्ता तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बसलेत. तीन वर्षांच्या अँटीव्हायरसचे ४,९९९ रुपये सांगितले. मी यूपीआयने दिले. पैसे गेल्यावर कंपनीऐवजी कुण्या एका माणसाचं नाव दिसलं, ते खटकलं, पण सायरन बंद झाला होता आणि माणसं वाट पाहत होती.

रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा बसले. ते सॉफ्टवेअर दर तासाला सांगत होतं, ३१२ धोके सापडले, प्रीमियम घ्या. स्कॅन लावला, ४५ सेकंदांत ३१२. 'क्लीन' दाबलं, सगळं हिरवं. पुन्हा स्कॅन, पुन्हा ३१२. नेटची वायर काढून लावला तरी ३१२. मग मी ती यादी एकेक ओळ वाचत खाली गेले. निम्म्याहून जास्त व्हायरस डी ड्राइव्हमध्ये दाखवले होते. माझ्या कॉम्प्युटरला डी ड्राइव्ह नाहीच, फक्त सी आहे. तेव्हा पायाखालची जमीन सरकली.

माझे पैसे गेले ते मी दाखले काढून दोन महिन्यांत भरून काढीन. पण या कॉम्प्युटरवर 'पीक विमा' नावाचा फोल्डर आहे, त्यात सहाशेच्या आसपास लोकांच्या आधार कार्डाचे आणि पासबुकाचे स्कॅन आहेत. तो माणूस वीस मिनिटं आत होता. लोकांनी ते कागद माझ्या भरवशावर दिले आहेत, सकाळी ओसरी उघडताना त्यांच्याकडे पाहवत नाही. आता आधी काय करू? हे सॉफ्टवेअर नुसतं अनइन्स्टॉल केलं तर पुरेल का? आणि पुढे खरा अँटीव्हायरस कोणता घ्यावा, तो खरा आहे हे ओळखायचं कसं? विंडोज १० आहे, रॅम ४ जीबी.

वर्धेचा कारागीर

ताई, हे वाचून झालं की आधी १९३० ला फोन लावा, बाकीचं नंतर वाचा. व्यवहार कोणत्या वेळी झाला, यूपीआयचा व्यवहार क्रमांक काय, पैसे कोणत्या बँकेतून गेले, एवढं जवळ ठेवा. समोरच्याच्या खात्यात पैसे अजून असले तर ते गोठवता येतात, म्हणून एकेक तास मोलाचा. तक्रार cybercrime.gov.in वर पण टाकता येते. बँकेलाही लेखी कळवा.

दुसरं, नेटची वायर काढलेलीच राहू द्या. केंद्राच्या लॉगिनचा, ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्याच मोबाइलवरून बदला, या कॉम्प्युटरवरून नाही. ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह करून ठेवले असतील तर तेही गेले असं धरून चाला.

त्याने जे दाखवलं त्यात एकही व्हायरस नव्हता. लाल-पिवळ्या खुणांची ती यादी म्हणजे विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर. एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, की विंडोज तिथे नोंद करतं. दुकानात नवा डबा फोडून लावलेल्या कॉम्प्युटरवरही आठवड्याभरात असे शेकडो एरर दिसतात. आणि काळ्या खिडकीत त्याने नेटस्टॅट ही कमांड चालवली. तिथला 'फॉरेन ॲड्रेस' म्हणजे परदेश नव्हे, समोरच्या टोकाचा पत्ता. तुम्ही महाडीबीटी उघडलं तरी ते तिथेच दिसेल. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ते बनावट.

नुसतं अनइन्स्टॉल पुरणार नाही. माणूस रिमोटवर आत होता, त्याने मागे काय ठेवलं ते सांगता येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर कामाच्या फाइली बाहेर काढून विंडोज नव्याने टाकलं असतं. तोवर कॉम्प्युटर वापरावाच लागला तर निदान एक पाहा: विंडोज सिक्युरिटीमध्ये 'एक्सक्लूजन्स' ची यादी. हे लोक तिथे आपला फोल्डर टाकून जातात, म्हणजे डिफेंडर, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, तिकडे बघतच नाही.

पुढे कधी असा सायरन वाजला तर एस्केपची कळ दाबून धरा, फुल स्क्रीन निघून जातो. नाहीच गेला तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही नाही जमलं तर सरळ बटण दाबून कॉम्प्युटर बंद करा. पुन्हा चालू केल्यावर ब्राउझर विचारतो 'आधीची पानं परत उघडू का', त्याला नाही म्हणा. ते फक्त एक वेबपान असतं, आजोबांचा फॉर्म त्याने उडत नाही.

पुसदचा मास्तर

कारागीर भाऊंनी तातडीचं सांगितलं, मी निवडीबद्दल लिहितो. शाळेच्या संगणक कक्षासाठी मला हे दरवर्षी ठरवावं लागतं.

ही फसवणूक नवी नाही. विनफिक्सर, एक्सपी अँटीव्हायरस अशा नावांनी खोटं स्कॅन दाखवून विकणाऱ्या टोळीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये खटला भरला. दहा लाखांहून जास्त लोकांना त्यांनी फसवलं होतं, आणि २०१२ मध्ये कोर्टाने १६.३ कोटी डॉलर भरायचा हुकूम दिला. तेव्हाही पद्धत हीच: आधी भीती, मग आकडा, मग पैसे. ताई, तुम्ही डी ड्राइव्हची गोष्ट स्वतः पकडलीत. ती नजर फार कमी जणांकडे असते.

विंडोज १० मध्ये डिफेंडर आधीपासून असतोच, फुकट. साध्या वापराला तो पुरतो. विकतचा घ्यायचा तर जाहिरात पाहून घेऊ नका. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अँटीव्हायरसची चाचणी घेऊन निकाल आपापल्या साइटवर टाकतात. जे नाव तिथे कधीच आलेलं नाही, ते घेऊ नये. आपल्याकडचा क्विक हील बहुतेकांना माहीत आहे. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केली, आणि भाऊ संजय यांनी व्हायरस काढायचा प्रोग्राम लिहिला. अशा कंपनीचा पत्ता, माणसं, इतिहास तपासता येतो. तुमच्या ३१२ वाल्याचं काय तपासणार?

नाव मोठं म्हणून डोळे मिटूनही घेऊ नये. अवास्टने लोकांची ब्राउझिंगची माहिती विकली म्हणून २०२४ मध्ये त्याच कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड केला. फुकट सॉफ्टवेअर टाकताना ते काय काय पाठवतं, ती सेटिंग बघाच.

खरा-खोटा ओळखायला एक साधा प्रयोग आहे. आयकार नावाची ६८ अक्षरांची चाचणी फाइल असते, कुठलाही धोका नसलेली, नुसता मजकूर. खरा अँटीव्हायरस ती दिसताक्षणी अडवतो. जो ३१२ व्हायरस शोधतो आणि या एका फाइलला ओळखत नाही, त्याला घरात ठेवू नका. विंडोज नवं टाकलं की डिफेंडरवर करून पाहा.

आधारबद्दल: लोक आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवरून किंवा तिच्या ॲपवरून आपलं बायोमेट्रिक (अंगठ्याचा, डोळ्यांचा ठसा) लॉक करू शकतात, मग अंगठ्याने पैसे काढता येत नाहीत. पण लॉक असताना रेशन दुकानातला अंगठाही चालत नाही, दर वेळी तात्पुरतं उघडावं लागतं. म्हाताऱ्या माणसांना हे समजावून सांगूनच करा, नाहीतर महिन्याचा तांदूळ अडेल.

तुरीचं शेत

मास्तर, तुमचं बरोबर, पण डिफेंडर पुरतो हे सेवा केंद्राला लागू पडत नाही असं मला वाटतं. माझंही केंद्र आहे, राळेगावकडे. आमच्याकडे दिवसाला पंधरा पेन ड्राइव्ह लागतात, पोरं कुठून कुठून आणतात. फोल्डरचा शॉर्टकट होणारा व्हायरस मी चार वेळा भोगलाय. एकदा एका पोरीच्या प्रोजेक्टचे सगळे फोल्डर शॉर्टकट झाले, ती टेबलापाशी उभी राहून रडली. तेव्हापासून विकतचा घेतो, पेन ड्राइव्ह लावताच तपासणारा. वर्षाला हजाराच्या आत पडतो. मात्र तो चालू करायचा कोड, म्हणजे 'की', दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिलेली घेऊ नका, कंपनीच्या साइटवरून किंवा बिलासकट घ्या. एक ग्राहक 'क्रॅक', म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायची चोरटी फाइल, टाकून द्यायचा, त्या क्रॅकमध्येच घाण होती.

आणि ४ जीबी रॅमवर दोन अँटीव्हायरस एकदम ठेवू नका. दोघं एकमेकांनाच पकडतात आणि मशीन बैलगाडीसारखं चालतं.

वर्धेचा कारागीर

पेन ड्राइव्हचं पटलं. ताईंनी एक आणखी ध्यानात ठेवावं, विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वाढीव अपडेटसाठी नोंदणी असते, ती केली नसेल तर करा. मशीन विंडोज ११ ला चालत असेल तर आता टाकताना तेच टाका. भोक पडलेल्या घराला कितीही कुलपं लावून उपयोग होत नाही.

ओसरीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

१९३० लागायला तीनदा प्रयत्न करावा लागला. पोचपावतीचा नंबर मिळाला, बँकेत अर्ज दिला. पैशाचं अजून काही कळलेलं नाही. पासवर्ड नणंदेच्या मोबाइलवरून बदलले. मशीन जुनं असल्यामुळे ११ ला चालत नाही, म्हणून यवतमाळहून विंडोज १० च नव्याने टाकून आणलं आणि वाढीव अपडेटची नोंदणी केली. पेन ड्राइव्हचं मला पटलं, म्हणून विकतचा घेतला, बिलासकट. त्याआधी डिफेंडरवर मास्तरांची आयकार फाइल ठेवून पाहिली, ती फाइल सेव्ह व्हायच्या आतच अडवली.

'पीक विमा' फोल्डर आता कॉम्प्युटरवर नाही. फॉर्म भरला, पावती दिली, की त्या माणसासमोरच स्कॅन पुसते. ज्यांचे कागद त्या दिवशी आत होते, त्यांच्यापैकी गावातल्यांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं. वाटलं होतं बोलणी बसतील. बहुतेकांनी पाणी दिलं, बसवलं. त्या आजोबांनी विचारलं, "मंग माहा फारम भरला ना?" भरला होता. बायोमेट्रिक लॉक तिघांनीच केलं, रेशनच्या अंगठ्याचं ऐकून बाकीचे नको म्हणाले.

एकच राहिलं. केंद्रात येणाऱ्या एका पोराच्या मोबाइलवर कोपऱ्यात सारखं येतं, 'तुमचा फोन धोक्यात आहे, स्कॅन करा'. त्याने कुठलंच ॲप टाकलेलं नाही म्हणतो. हे कुठून येतं?

वर्धेचा कारागीर

ॲप लागतच नाही त्याला. कुठल्यातरी साइटवर 'अलाउ' दाबलं असेल, ती साइट नोटिफिकेशन पाठवते. क्रोममध्ये सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे अलाउ केलेल्या साइटची यादी दिसेल, अनोळखी सगळ्या ब्लॉक करा.

ओसरीवरची

सापडलं. यादीत सात साइट होत्या, त्यातली एक क्रिकेटची, ती ठेव म्हणाला. सहा काढल्या. आता शांत आहे.