मायकल जॅक्सनची ती तीन गाणी: आवाज त्याचाच का? तपासायचं कसं?

बर्डीचा_श्रोता:
'मायकल' (डिसेंबर २०१०) अल्बममधल्या ३, ५ आणि ७ नंबरच्या गाण्यांवरून, म्हणजे 'कीप युअर हेड अप', 'मॉन्स्टर' आणि 'ब्रेकिंग न्यूज'वरून, ग्रुपवर रोज भांडण होऊन राहिलं. एक जण म्हणतो, सोनी कंपनीनं २०१८ मध्ये कोर्टात नकली आवाज कबूल केला. खरं का? आणि घरच्या कॉम्प्युटरवर काही तपासता येतं का?

कानसेन_धरमपेठ:
कबूल नाही केला, भाऊ. ती बातमीच चुकीची वाचली गेली. खटल्यातला मुद्दा असा होता की आवाज त्याचा नाही असं वादापुरतं धरलं, तरी आवाज त्याचाच असं सांगणाऱ्या कव्हरवरच्या मजकुरासाठी कंपनीवर दावा लागतो का. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दावा पुढे चालू शकतो. त्याच महिन्यात तडजोडही झाली. आवाज कोणाचा, यावर निकाल लागलाच नाही. जुलै २०२२ मध्ये तिन्ही गाणी स्ट्रीमिंगवरून काढली, पण त्याचा आवाजाच्या खरेपणाशी संबंध नाही असं कंपनीचं म्हणणं होतं.

तपासणीसाठी सीडीवरूनच फाइल घ्या. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं असतं, श्वास आणि 'स' यांचे बारीक तपशीलही बिघडतात. तुलनेला १९८२ चं 'थ्रिलर' नको, तेव्हा तो जेमतेम २४ चा होता. ही गाणी २००७ ची सांगतात. त्याच अल्बमचं १ नंबरचं 'होल्ड माय हँड' घ्या, ते २००८ मध्येच बाहेर फुटलं होतं. फक्त त्यात सोबत गाणाऱ्या एकॉनच्या ओळी सोडा.

तानपुरा_४४०:
वरच्यात भर. गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढायला डीमक्स हे सॉफ्टवेअर चालेल, पण त्यानं निघालेला आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. त्यावरून 'नकली' ठरवू नका, तो सॉफ्टवेअरचा डाग आहे.

प्राट या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक लोक इथेच फसतात. ५०० हर्ट्झच्या स्वरात हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) ५००-५०० च्या अंतरावर पडतात, त्यांच्यामधला फॉर्मंट (गळा-तोंडाच्या आकारानं ठळक होणारा पट्टा) दिसतच नाही आणि प्राट बिनधास्त चुकीचा आकडा देतं. जॅक्सन गातोच उंच! म्हणून खालच्या पट्टीतला, निदान पाव सेकंद ठरलेला स्वर शोधा, दोन्ही गाण्यांत तोच 'आ' किंवा 'ओ'. असे दहा-बारा जमले तर बोला, दोन-तीनवर नाही.

व्हायब्रेटो, म्हणजे लांब स्वरातले हेलकावे, मोजता येतं. साधारणपणे गायकांचं सेकंदाला ५ ते ७ हेलकाव्यांचं असतं. पण या गाण्यांचा चाहत्यांना खटकतो तो थरथरता व्हायब्रेटोच, आणि पिच करेक्शन (मशीननं सूर जुळवणं) जोरात लावलं की मूळ हेलकावे सपाट होतात. मग मोजता ते गळ्याचं का मशीनचं, हे सांगता येत नाही.

बर्डीचा_श्रोता:
आणि 'हूं', 'ओ' वगैरे जुन्या गाण्यांतून उचललेत म्हणतात ते?

तानपुरा_४४०:
ते मात्र पकडता येतं. ऑडॅसिटी या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तुकडे सॅम्पलच्या (फाइलमधल्या सगळ्यात लहान मापाच्या) हिशेबानं जुळवा, एकाचा फेज उलटा करा (लहर वर-खाली उलटवा), दोन्हींची आवाजाची पातळी सारखी करा. नक्कल असेल तर एकमेकांना खाऊन बरंच शांत होतं. पूर्ण शून्य होणार नाही, रिव्हर्ब (घुमारा) वेगळा असतो. गती बदललेली असेल तर जुळणारच नाही, तेव्हा 'नाही जुळलं' म्हणजे 'उचललं नाही' असं नव्हे.

कानसेन_धरमपेठ:
आणि हेडफोन लावूनच ऐका. मे महिन्यात कूलर सुरू ठेवून स्पीकरवर श्वास शोधणाऱ्याला कूलरचाच श्वास सापडतो.