मदत हवी आहे : पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) जबाबासाठी तेलुगू दुभाषी, सोलापूर

पूर्व भागातल्या एका लहान मुलीचं प्रकरण. गुन्हा नोंदवलाय, बालकल्याण समितीला कळवलंय, वैद्यकीय तपासणी झालीय. जबाब घरीच, साध्या वेशातल्या महिला उपनिरीक्षकांसमोर व्हायचाय. अडलंय ते भाषेवर. मुलगी तेलुगूच बोलते, मराठी जेमतेम. शेजारच्या काकू तयार आहेत, पण त्या आरोपीच्या नात्यातल्या. पोक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे दुभाषी निःपक्षपाती हवा, आणि उलटतपासणीत वकील नेमकं हेच उकरतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दुभाष्यांची यादी असते, तिथे अर्ज दिलाय. पण जबाब लांबवायचा नाही. (नाव-शाळा विचारू नका, मुलीची ओळख उघड न करण्याचं पोक्सोचं कलम २३ आहे.)

यादीबाहेरच्या, तेलुगू माध्यमात शिकवणाऱ्या शिक्षिका चालतील का? त्यांची पात्रता दाखवायला कोणते कागद जोडलेत तुम्ही?